जर्ब

आम्ही दोघे एकाच उर्दू शाळेत मास्तर. एक भाषा शिकवतो, दुसरा गणित. दोन वर्षांपूर्वी दोघांनी पैसे घालून धातू शोधायचं यंत्र घेतलं. घरी काय ऐकून घेतलं, ते इथे नको.

जुनी नाणी शोधायची कुठे? आधी दौलताबादचा किल्लाच डोळ्यांपुढे आला. पण तो पुरातत्त्व खात्याचा. तिथे खणणं गुन्हा. शिवाय नाणी पाडतात राजे, पण पडतात ती गोरगरिबांच्या हातून. जिथे माणसं टेकली, कनवटीची गाठ सोडून हिशेब केला, तिथे बघावं. मोडलेल्या बाजाराची जागा, नदीचा उतार, उरुसाच्या वाटेवरची चिंच. या जागा नकाशात नसतात, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतात.

असेच एक माळकरी आजोबा भेटले. "माझ्या आज्याच्या वक्ताला हितं बाजार भरायचा, मास्तर. बघा की."

नांगरट झालेल्या त्या रानात आम्ही चार रविवार फिरलो. यंत्र ओरडायचं आणि निघायची गुटख्याची पुडी, बैलाचा नाल, ट्रॅक्टरचा नट. चौथ्या रविवारी वीतभर खाली तांबूस चकती निघाली.

मान वर केली तर बांधावर पंधरा-वीस माणसं. दोन दाढीवाले, हातात यंत्र, समोर खड्डा. कुणीतरी 'गुप्तधन' म्हणालं, कुणी पोलिसांना फोन लावला. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं, असा १८७८चा कायदा आहे. त्याची प्रत आमच्या खिशात होती. ती बाहेर काढायला हात होईना.

आजोबा मध्ये आले. "म्याच बोलावलंय त्यांना. मास्तर, वाचा काय लिवलंय ते."

अंगठ्याने माती पुसली आणि मोठ्याने वाचलं : दो पाई, जर्ब हैदराबाद. ज्या लिपीत आम्ही रोज हजेरी मांडतो, तीच.

"म्हंजे हाली!" एक म्हातारा ओरडला. मग काय, निजामाच्या सात हाली रुपयांना सहा कलदार मिळायचे, त्यात कुणाचा आजा कसा नाडला गेला, याच्या गोष्टी निघाल्या. पोलीस आले तेव्हा लोक हसत होते. त्यांनी आमची नावं आणि मोबाइल नंबर मात्र लिहून घेतले. बाकी कुणाचे घेतले नाहीत.

नाणं आजोबांचं, एका दिवसाच्या बोलीवर शाळेत नेलं. सातवीच्या मुलांना विचारलं, 'जर्ब' म्हणजे काय?

"गुणाकार, सर!" अख्खा वर्ग ओरडला. गणिताच्या मास्तरांना कोण आनंद! मग सांगावं लागलं, जर्ब म्हणजे घावही. धातूवर ठशाचा घाव बसला की नाणं होतं, म्हणून टाकसाळीच्या गावाआधी तो शब्द येतो. शेवटच्या बाकावरच्या पोराने नाणं कानाशी धरून पाहिलं. का, ते त्यालाच माहीत.

परत द्यायला गेलो तेव्हा आजोबांनी ते देवळीत ठेवलं. "वरची पट्टीबी नांगरलीया. कवा येताय?"

येतो म्हणालो. त्याला आता तीन महिने झाले. यंत्र कपाटावर आहे.