कनवट, खिसा आणि पाकीट

आमच्या शिवाजी पेठेतला पुरुष घराबाहेर पडतो तो मोकळ्या हातांनी. सकाळी निवृत्ती चौकातून शाळेला जाताना मी हे रोज पाहते. कोणी तालमीतून येत असतो, कोणी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून, कोणी रंकाळ्याला फेरी मारून. हातात असलीच तर गाडीची किल्ली, तीही बोटाभोवती गरागरा फिरत असते. त्याच रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या खांद्याला आणि हाताला मात्र काही ना काही लटकलेले असते: पर्स, डबा, मुलाचे दप्तर, दळणाची पिशवी. मग या पुरुषांचे सामान असते कुठे? थोडे त्यांच्या खिशात आणि उरलेले, खरे सांगायचे तर, आमच्या पर्समध्ये. "अगे, ये चश्मा जरा तेरे कने रख," हे वाक्य ज्या बाईने ऐकले नाही अशी बाई आमच्यात सापडणे कठीण.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात आम्ही 'जेब' म्हणतो आणि फाटकाबाहेर आलो की 'खिसा'. खिसा हा शब्द कोणाही मराठी माणसाला घरचा वाटतो, पण तो अरबी-फारसीतल्या 'कीसा' म्हणजे थैली या शब्दावरून आला. जेब तर सरळच अरबी. त्याचा जुना अर्थ सदऱ्याचा गळा, छातीजवळची उघडी जागा. या शब्दाची एक गंमत बी.एड.ला असताना गणिताच्या सरांनी सांगितली होती. भारतीय गणितज्ञांची 'ज्या' किंवा 'जीवा' अरबांकडे गेली तेव्हा तिचे 'जीबा' झाले. अरबीत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे लिहिण्याचा आग्रह नसतो, त्यामुळे पुढच्यांनी तो शब्द 'जैब' असा वाचला. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन केले 'सायनस', आणि त्यातून निघाला 'साइन'. दहावीची मुले त्रिकोणमितीत साइन थीटा लिहितात तेव्हा त्यांच्या वहीत नकळत एक खिसा असतो. हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आमच्या दादांना, म्हणजे आजोबांना, खिशाची फारशी गरज नव्हती. धोतर, कोपरी आणि डोक्याला पटका. पैसे कनवटीला, म्हणजे कमरेशी धोतराला मुरड घालून खोचलेले. ट्रंकेची किल्ली करगोट्याला. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती चंची. आजच्या मुलांना चंची दाखवायची तर कुठून आणावी हा प्रश्नच आहे. कापडाची अनेक कप्प्यांची गुंडाळी, वर दोरी. एका कप्प्यात पान, दुसऱ्यात सुपारी आणि अडकित्ता, तिसऱ्यात कात, चुन्याची डबी, तंबाखू. दादा तालमीच्या कट्ट्यावर बसले की आधी चंची सोडत. त्यातले निम्मे पान दुसऱ्याच्या तोंडात जाई. समोरचा कोण, कुठल्या गल्लीतला, हे पान देऊन झाल्यावर विचारायचे, अशी त्यांची रीत होती. कागद म्हणून त्यांच्या अंगावर काही नसे. रेशनकार्ड घरात ट्रंकेत. दादा कोण आहेत हे पेठेला ठाऊक होते, आणि पेठेबाहेर त्यांना कोणी विचारत नव्हते.

अब्बा शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांच्या शर्टाचा खिसा मला अजून दिसतो. तेलाने काळपटलेला, कोपऱ्यात पेनाच्या शाईचा डाग. त्यात पेन, सहा इंची पट्टी आणि चार घड्या घातलेला हिशेबाचा कागद असे. डबा आणि हात पुसायचे कॉटन वेस्ट रेक्झिनच्या पिशवीत, आणि पिशवी सायकलच्या हँडलला. नव्या पँटला कमरपट्टीच्या आत चोरखिसा शिवून घ्यायचा त्यांचा शिरस्ता होता. पगाराच्या दिवशी नोटा त्या चोरखिशातून येत. घरी येऊन ते त्या अम्मीच्या हातात देत आणि त्यातली एक नोट परत मागून घेत. महिन्याच्या वीस तारखेनंतर मात्र त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि तसाच परत यायचा. आम्ही भावंडे त्या हातावरून तारीख ओळखायचो. मग उचल घेतली जाई.

या सगळ्यात अम्मीला खिसा नव्हता. हे काही आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपातही पुरुषांच्या कपड्यांना शिवलेले खिसे आले तेव्हा तिथल्या बायका बराच काळ झग्याखाली कमरेला पिशव्या बांधून हिंडत होत्या. आमच्या अम्मीची पिशवी म्हणजे तांदळाचा डबा आणि रजईची खोळ. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. देशात फिरणाऱ्या चलनाच्या किमतीपैकी सुमारे 86 टक्के त्या दोन नोटांत होते. दुसऱ्या दिवशी अम्मीने डबा उपडा केला, खोळ उसवली. ते पैसे बँकेत गेले ते माझ्या भावाच्या खिशातून आणि त्याच्या खात्यात. भावाने एक पैही इकडची तिकडे केली नाही. पण वर्षानुवर्षे जे फक्त तिचे होते ते पुरुषाच्या खिशातून एकदा जाऊन आले आणि घराचे झाले. माझ्या वर्गातल्या मुलींच्या कमीजला आजही खिसा नाही. मुलाच्या शर्टाला असतो. मुलगी पाच रुपये ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवते नाहीतर कंपासपेटीत. खिसा हवा असे तिने म्हटले तर "तुला काय ठेवायचे आहे त्यात?" असे विचारणारी पहिली व्यक्ती तिची आईच असते.

आता पुरुषांच्या खिशात काय आहे ते सांगते, कारण ते मला शाळेच्या टेबलावर दिसते. जूनमध्ये पालक प्रवेशासाठी येतात. त्यात हमाल असतात, रिक्षावाले, गवंडी, गॅरेजमध्ये काम करणारे. छातीच्या खिशातून प्लॅस्टिकचे पाकीट निघते. त्यात घामाने ओलसर झालेल्या झेरॉक्स: स्वतःचे आधार, बायकोचे, मुलाचे, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. बारा आकडे एकदा मिळाले की बाकीचे कागद बाळगावे लागणार नाहीत असे तेव्हा वाटले होते. झाले उलटेच. आता प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी जुळवावा लागतो आणि आमच्या लोकांची गाडी तिथेच अडते. एकच नाव मराठीत महंमद, मोहम्मद, महमद अशा तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, इंग्रजीत त्याहून अधिक. शेखची इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. उर्दूत यातले एकही अक्षर बदलत नाही. पण उर्दूतले नाव कोणी तपासत नाही. बाप अजिजीने म्हणतो, "मॅडम, सगळे कागद आणलेत, काय लागेल ते घ्या." तो पाकीटच माझ्यापुढे सरकवतो. मी काही त्याच्या नागरिकत्वाचा निवाडा करत नसते. मला फक्त रजिस्टरमध्ये एक नाव लिहायचे असते. त्याच्या चेहऱ्यावर मात्र निवाड्याची वाट पाहणे असते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले. आमची पेठ उंचावर, म्हणून नात्यातले एक कुटुंब आमच्याकडे राहायला आले. घरातल्या बाईने मुले आणि कपड्यांचे गाठोडे आणले होते. नवऱ्याने शर्टाच्या आत, पोटाशी, कागदांची पिशवी बांधली होती. पिशवी कोरडी आहे हे पाहिल्यावर तो पहिल्यांदा खाली बसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. दादांच्या जन्माची नोंद कुठे सापडते का, हे आम्हीही शोधले. ज्या माणसाने आयुष्यभर अंगावर एकही कागद बाळगला नाही, त्याच्या कागदावर नातवंडांची भिस्त असावी हे अजब होते.

कागदांखालोखाल मोबाइल. खिशातल्या सगळ्या वस्तू त्याने गिळल्या: घड्याळ, पत्त्यांची वही, बॅटरी, आणि आता पैसेही. भाजीवालीकडेसुद्धा स्कॅन करायचा चौकोन लावलेला असतो. चोरखिसा शिवणारा शिंपी आता शोधावा लागेल. पण जून 2023 मध्ये कोल्हापुरात काय झाले ते आपण पाहिले. काही मोबाइलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव झाला. 7 जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस ठेवणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. कारवाई झालेल्यांत अल्पवयीन मुलेही होती, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचे अधिक वाईट वाटते. त्या दिवसांत दुकानांची शटरे खाली आली होती आणि अम्मी माझ्या भावाला बाहेर सोडण्याआधी त्याच्या खिशावर हात ठेवत होती. तिला मोबाइल वाचता येत नाही. तरी ती म्हणे, "इसमें कुछ नको सो तो नै ना?" पूर्वी ती अब्बांचे खिसे धुण्याआधी तपासायची, नोट भिजू नये म्हणून.

दादांच्या चंचीत दुसऱ्याला द्यायच्या वस्तू होत्या. अब्बांच्या खिशात कामाच्या वस्तू होत्या. भावाच्या खिशात दाखवायच्या वस्तू आहेत. पुरुष मोकळ्या हातांनी फिरतात म्हणून मी त्यांना हसत आले, पण खिशातला हा भार मला दिसतो. दोन पिढ्यांत काही बिघडले असेल, तर ते या खिशांतून कळते.

सगळेच हातातून गेले आहे असे मात्र म्हणवत नाही. 2019 सालीच, पूर ओसरून महिना झाला असताना, गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत पंजे बसतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. रात्री झोपवताना त्याच्या चड्डीच्या खिशात माझा हात गेला तो चिकट होऊनच बाहेर आला. आत गणपतीचे साखरफुटाणे होते आणि पंजाचा मलिदा, दोन्ही एकमेकांत कालवलेले. "सकाळी शेजारच्या पोरांना द्यायचेत," असे म्हणून तो झोपी गेला.

आता तो हायस्कूलला जातो. मोबाइल मागतो, आम्ही देत नाही. त्याच्या खिशात रुमाल आणि दहा रुपये असतात. या वर्षी मुलींच्या कमीजला खिसा असावा असे मी पालक सभेत सुचवले आहे. दोन आयांनी मान डोलावली, बाकीच्या हसल्या. आणि भाच्याच्या आधारवरचे नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणे दुरुस्त करून घेतले आहे. ते कार्ड कपाटात आहे. ते त्याच्या खिशात जायला अजून थोडी वर्षे लागावीत एवढेच मी पाहते आहे.