न विचारणारा सोबती

माझा धाकटा भाऊ २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडीबरोबर आफ्रिकेतील काँगो देशात गेला. पूर्वेकडील गोमा शहराच्या परिसरात त्यांचा तळ होता. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो की त्याचा फोन येई. आई विचारी, “बाळा, जेवतोस ना वेळेवर? झोप लागते ना?” तो म्हणे, “हो गं आई, सगळं ठीक आहे.” आणि लगेच शेरूची हकिकत सुरू करी. शेरू म्हणजे तळावर कुठून तरी आलेले, एक कान पडलेले तांबूस कुत्रे. त्याने आज कोणाचा बूट पळवला, पावसात तो कोणाच्या खाटेखाली शिरला, रात्रीच्या पहाऱ्याला तो कसा न चुकता बरोबर येतो, यातच फोनची मिनिटे संपून जात. फोन ठेवल्यावर आई कुरकुरे, “कुत्र्याचं सगळं कळतं, माझ्या मुलाचं काहीच कळत नाही.” मलाही तिचे म्हणणे पटे.

पुढे काही वर्षांनी एका लग्नानिमित्त कोल्हापूरला जाणे झाले. तिथून जवळच वळिवडे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. परक्या मुलखात त्यांनी शाळा चालवल्या, देऊळ उभारले, सण साजरे केले. त्यांच्यापैकी कित्येकींचे पती, भाऊ आणि मुलगे त्या वेळी इटलीत लढत होते. घरी आल्यावर मी या लोकांविषयी मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या सैन्यातील एका अस्वलाची गोष्ट हाती लागली आणि मला एकदम शेरू आठवला.

या सैनिकांची कहाणी मोठी दुःखाची आहे. १९४० आणि १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सैबेरियात आणि इतरत्र हद्दपार केले. पुढे सुटका झाल्यावर त्यांतूनच जनरल आन्डर्स यांचे सैन्य उभे राहिले आणि १९४२ साली ते इराणमध्ये पोहोचले. उपासमारीने खंगलेली, घरदार हरवलेली, आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नसलेली अशी ती माणसे होती. त्याच वर्षी हमादान येथे एका मेंढपाळ मुलाकडून अस्वलाचे एक पोरके पिल्लू विकत घेण्यात आले आणि ते सैनिकांकडे आले. त्यांनी त्याला बाटलीतून दूध पाजले, थंडीत कोटाखाली घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘वोयतेक’. पोलंडमधले घराघरांतले हे नाव.

वोयतेक सैनिकांच्या तंबूत वाढला. त्यांच्याशी कुस्ती खेळला, ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी बसून वाळवंटातून गेला. १९४४ साली इजिप्तहून जहाजाने इटलीला जायचे ठरले, तेव्हा प्राणी नेण्यास मनाई होती. सैनिकांनी त्याचे नाव चक्क शिपायांच्या यादीत घातले! मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या, असे त्याचे सोबती सांगत. संत बेनेडिक्ट यांनी जिथे मठ स्थापन केला, तोच हा डोंगर. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या भग्नावशेषांवर आपला ध्वज लावला. त्यांचे हजाराहून अधिक बांधव आज त्या डोंगराच्या कुशीत विसावले आहेत.

तोफगोळ्यांची गोष्ट लोकांना आवडते. त्या तुकडीने पुढे आपल्या बोधचिन्हावरही तोफगोळा घेतलेले अस्वल मिरवले. मला मात्र त्या दुधाच्या बाटलीचे मोल अधिक वाटते. ज्यांना आपल्या मुलांच्या तोंडी घास घालता येत नव्हता, त्या हातांना कोणाला तरी भरवायला मिळाले. प्राणी सैनिकाला माया देतात, हे खरेच. पण त्याहून मोठे म्हणजे ते त्याची माया स्वीकारतात. दिवसभर शस्त्र धरणाऱ्या हाताला संध्याकाळी कोणाची तरी पाठ थोपटावी लागते. नाही तर तो हात आपली ओळख विसरेल.

युद्ध संपले, पण यांतील असंख्य सैनिकांना मायदेशी परतता आले नाही. पोलंडमध्ये आता नवी राजवट होती. तुकडी स्कॉटलंडला गेली, पांगली, आणि १५ नोव्हेंबर १९४७ रोजी वोयतेकला एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात सोडावे लागले. जुने सोबती भेटायला येत, पिंजऱ्यापाशी पोलिश भाषेत हाक मारीत आणि तो मान वर करी. २ डिसेंबर १९६३ रोजी तो मेला. तो असेपर्यंत त्यांच्या तुकडीचे तेवढे तरी एक घर शिल्लक होते.

माझा भाऊ २००९ साली परत आला. दिसायला धडधाकट, पण अबोल. शेजारीपाजारी विचारीत, “तिकडे काय काय पाहिलंस?” तो हसून विषय बदली. मीही कमी विचारले नाही. एके रात्री मला जाग आली, तेव्हा ओटीवर कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होते. दाराआडून पाहिले. आमचा म्हातारा मोत्या त्याच्या मांडीवर डोके ठेवून पडला होता आणि भाऊ त्याला काँगोमधल्या एका गावाविषयी सांगत होता. त्या गावात त्यांची तुकडी पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. त्याचा हात मोत्याच्या पाठीवरून फिरत होता आणि आवाज कापत होता. मी तशीच मागे फिरले. ते ऐकण्याचा अधिकार मोत्याने कमावला होता, मी नव्हे.

दुसऱ्या रात्रीपासून मी ओटीवर जाऊन बसू लागले. काही विचारायचे नाही, एवढेच ठरवले होते. मोत्या मधे, आम्ही दोघे दोन बाजूंना. पुष्कळ रात्री अशाच गेल्या. मग एकदा तो आपणहून बोलू लागला. अगदी पहिल्यांदा तो बोलला, तेही शेरूविषयीच.

“त्याला आणता आलं नाही, ताई,” तो म्हणाला. “निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या तुकडीतल्या एका पोराला त्याची थाळी दाखवून आलो. म्हटलं, आधी याला वाढ, मग तू जेव. म्हणजे तुला एकटं वाटणार नाही.”