प्रौढ हाताची रेषा

चित्रकला शिकणाऱ्या शाळकरी मुलाची प्रगती मोजण्याची सोय महाराष्ट्रात फार पूर्वीपासून आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे कागद तपासले जातात आणि एखादी श्रेणी पदरात पडते. पंचेचाळिसाव्या वर्षी पेन्सिल हाती घेणाऱ्या माणसाला हा आधार नसतो. त्याला परीक्षक नाही, अभ्यासक्रम नाही, आणि पुढेमागे चित्रकार होण्याची शक्यताही जवळजवळ नाही. अशा माणसाने आपली वाटचाल कशाशी ताडून पाहावी?

तालुक्याच्या गावी मराठीचे अध्यापन करणाऱ्या एका गृहस्थांपुढे हा प्रश्न काही वर्षांपूर्वी उभा राहिला. एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांकडे ते रविवारी सकाळी जाऊ लागले. पहिला पाठ पितळी तांब्याचा होता. तोंड लंबवर्तुळाकार काढून झाल्यावर तळ मात्र त्यांनी सरळ रेषेने मिटवून टाकला. कारण तांब्या सपाट पाटावर ठेवला आहे, हे त्यांना ठाऊक होते. वस्तुतः नजरेच्या पातळीखाली ठेवलेल्या भांड्याच्या तळाचे वर्तुळ तोंडाच्या वर्तुळाहून कमी चपटे दिसते. ठाऊक असणे आणि दिसणे यांतील हे भांडण मिटायला चार महिने लागले.

साहित्याच्या अभ्यासकाला हे भांडण अपरिचित नसावे. माणसाचा डोळा काढायला सांगितला की नवशिका मासोळी काढतो. मीनाक्षी आणि कमलनयना यांच्या सहवासात उभे आयुष्य काढलेल्या प्राध्यापकांनीही मासोळीच काढली. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात नेत्रांचे आकार सांगताना धनुष्य, माशाचे उदर, कमलपत्र अशीच उपमाने येतात, हे त्यांनी गुरुजींना सांगून पाहिले. गुरुजी हसले आणि त्यांनी आरसा पुढे केला. परंपरेतील चित्रकाराकडे संकेत शिस्तीने आलेला असतो, नवशिक्याकडे तो आळसाने येतो. हा भेद लहान नव्हे. काव्यलेखनाच्या स्पर्धांचे परीक्षण केलेल्या कोणालाही तो पटावा.

प्रत्येक कागदावर तारीख घालण्याची सवय गुरुजींनी लावली. वर्षअखेर ते कागद ओळीने मांडले, तेव्हा विचित्र गोष्ट ध्यानी आली. जूनमधील ज्या चित्रांनी समाधान दिले होते ती आता पाहवत नव्हती. डिसेंबरमधील चित्रे उघडच सरस असूनही ती काढताना मन खट्टू झालेले होते. नजर हाताच्या पुढे निघून गेली होती. शिकणाऱ्याला आपण मागे पडतो आहोत असे वाटते ते बहुधा याच टप्प्यावर, आणि प्रौढ विद्यार्थी चित्रकला सोडतात तेही येथेच.

या संदर्भात व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे उदाहरण अनेकदा दिले जाते, पण त्यातील अर्धाच भाग सांगितला जातो. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जममधील खाणींच्या मुलखात त्याने चित्रकार होण्याचे ठरवले आणि शार्ल बार्ग याने तयार केलेले पाठ तो चिकाटीने गिरवू लागला. हे सर्वांना आवडते. परंतु १८९० साली, मृत्यूपूर्वी काही आठवडे, त्याच बार्गचे कोळशाने गिरवायचे पाठ त्याने भाऊ थिओकडे पुन्हा मागितले, ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत बसत नाही. दहा वर्षे, शेकडो चित्रे, आणि पुन्हा पहिली यत्ता. याला प्रगती म्हणायचे तर त्या शब्दातील 'पुढे' हा अर्थ जरा सैल करावा लागेल.

प्राध्यापकांच्या बाबतीत खरा पेच निराळाच निघाला. दुसऱ्या वर्षापासून ते दुपारी झोपलेल्या आईचे हात काढू लागले होते. आईने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. आरंभीच्या कागदांवर सुरकुत्यांचे जाळे आहे. म्हातारपण म्हणजे सुरकुत्या, हा पुन्हा संकेतच. पुढे रेषा कमी होत गेल्या. मनगटाचे हाड, बांगडीखालची पोकळी, चादरीवर टेकलेल्या बोटांचा भार एवढेच उरले. तारखांच्या क्रमाने लावलेल्या त्या तेवीस कागदांकडे पाहून गुरुजींनी समाधान व्यक्त केले. रेषा मोजकी झाली, म्हणाले. प्राध्यापकांना मात्र ते समाधान घेता येईना. त्या चौदा महिन्यांत आईचा हात खरोखरच वाळत गेला होता. पोकळी दिसू लागली ती नजर तयार झाल्यामुळे, की बांगडी सैल झाल्यामुळे? तांब्या तसाच राहतो, म्हणून त्याच्या दोन चित्रांची तुलना करता येते. येथे मोजपट्टी आणि मोजावयाची वस्तू दोन्ही एकाच वेळी सरकत होत्या.

एकदा आईने जागी होऊन कागद मागितला. चष्म्याशिवाय तो बराच वेळ दूर धरून पाहिला.

"हे तर माझ्या आईचे हात," ती म्हणाली. "तू तिला कुठे पाहिलंस?"

पुढच्या रविवारी हा कागदही गुरुजींपुढे गेला. अंगठ्याचे वरचे पेर लांब झाले आहे, असे त्यांनी दाखवले, आणि ते खरे होते.