मालवणची होडी आणि तिची तकाकी

मालवणच्या किनाऱ्यावर उभें राहिलें, कीं समोर इ. स. १६६४ मध्यें पाया घातलेला सिंधुदुर्ग दिसतो आणि अलीकडे वाळूवर ओढलेल्या होड्या. त्यांत आतां लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्याही असतात. नवी असतां आरशाप्रमाणें चकाकणारी ही होडी कांहीं वर्षांत फिकी पडते. हात फिरविल्यास खडूसारखी पूड लागते. उन्हांतील अतिनील किरणांनीं तिचा बाहेरचा राळेचा रंगीत थर, म्हणजे जेलकोट, वरवर करपलेला असतो. खालीं मात्र तो शाबूत असतो. गोड्या पाण्यानें खार धुऊन होडी वाळवावी, सावलींत मऊ फडक्यानें रबिंग कंपाउंड चोळावें, मग पॉलिश करून शेवटीं मेण चढवावें. झळाळी परत येते.

परंतु वाचकहो, हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! मुलाम्याच्या भांड्याप्रमाणें तो प्रत्येक घासणीस झिजतो. आणि तो संपला, कीं आंतील कांचतंतू उघडे पडतात. म्हणून घासणें क्वचित्, मेण मात्र वेळेवर, हाच नियम बरा. समोरच्या दगडी तटाला हे सोपस्कार लागत नाहींत. जिच्यावर घर चालतें, त्या होडीला लागतात.