रद्दीवाल्याचा काटा

मागच्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाचा बेत ठरला आणि मी ठरवलं, या वेळी पाठीवर हमाली करायची नाही! गुडघे आता कुरकुरतात. पण हलक्या सामानाची दुकानं फिरलो तेव्हा कळलं की सामान जितकं हलकं, तितका खिसाही हलका होतो. माझं बजेट होतं हजार रुपये.

मग भरलेली सॅक उचलली आणि थेट गल्लीच्या टोकाला रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने हसत हसत काट्यावर चढवली. तीन लिटर पाण्यासकट अकरा किलो!

घरी येऊन एकेक वस्तू काढत गेलो. स्टीलच्या बाटल्या गेल्या, पाण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. जीन्स गेली, ट्रॅकपँट आली. तीन सेलची बॅटरी जाऊन छोटा हेडटॉर्च आला, तेवढाच काय तो खर्च. सॅकच्या कव्हरऐवजी आत कचऱ्याची मोठी पिशवी. आणि सर्वात जड, बाबांची दोन किलोची घोंगडी, तिच्या जागी पातळ चादर. पुन्हा काट्यावर... सात किलो! मुलुंडहून लोकल पकडताना मी अक्षरशः उडत होतो.

कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढून खुबी फाटा, खिरेश्वर, टोलार खिंड. सगळ्यांच्या पुढे मीच. मागून येणाऱ्या मित्राला "काय घर घेऊन आलायस का?" म्हणून चिडवलंसुद्धा.

रात्री देवळाजवळच्या गुहेत मुक्काम. बारानंतर दगडातून गारठा वर यायला लागला. चादर अंगावर आहे की नाही, हेही कळेना. दात वाजत होते. तेवढ्यात अंगावर काहीतरी जड पडलं. त्याच मित्राने आपल्या रगाचा अर्धा भाग माझ्यावर टाकला होता. बोलला काही नाही.

सकाळी चहा झाला तो त्याच्याच पातेल्यात आणि त्याच्याच स्टोव्हवर. तेव्हा लख्ख कळलं, माझं चार किलो वजन कमी झालंच नव्हतं. त्यातलं बरंचसं नुसतं त्याच्या पाठीवर गेलं होतं.

उतरताना पातेलं आणि स्टोव्ह मी मागून घेतले.

आता आमचा नियम साधा आहे. पाणी, गरम कपडे, टॉर्च आणि पकड असलेले बूट यांत काटकसर नाही. बूट घेताना तर कंजूषी नकोच, शेवाळलेल्या कातळावर तेच वाचवतात. बाकी स्टोव्ह, पातेलं, औषधांची पेटी चौघांत एकेकच, आणि आदल्या दिवशी चारही सॅक रद्दीवाल्याच्या काट्यावर. ज्याची हलकी भरेल त्याला पातेलं.

रद्दीवाला आता विचारतो, "साहेब, विकायचं कधी?"