राहून गेलेली खिडकी

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ एकदा मला म्हणाले, "फादर, डोंगर मी जन्मभर ऊसतोडीच्या ट्रकमधूनच पाहिले. एकदा आगगाडीच्या खिडकीतून पाहायचे आहेत." नेरळहून माथेरानला जाणाऱ्या, १९०७ साली सुरू झालेल्या चिमुकल्या गाडीचे वर्णन त्यांनी माझ्याच तोंडून ऐकले होते. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती वळणे घेत डोंगर चढते. "पुढच्या सुटीत नक्की जाऊ," असे मी म्हणत राहिलो. सुट्या आल्या नि गेल्या. ते प्रभूघरी गेले.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. पुढे एके दिवशी मीही त्या गाडीने निघालो. खिडकीजवळची जागा मिळाली, तरी मी तेथे पिशवी ठेवून शेजारी बसलो. "कोणी येणार आहे का?" एका प्रवाशाने विचारले. मी मुकाट्याने पिशवी उचलली.

मोशेला वचनदत्त देशात पाऊल ठेवता आले नाही. पण नबो डोंगरावरून परमेश्वराने त्याला तो डोळे भरून दाखविला. माझ्या हातून तेवढेही घडले नाही. वाचकहो, आपल्या घरातील वृद्धाने एखादी खिडकी मागितली, तर सुटीची वाट पाहू नका.