झोन की मॅन-टू-मॅन?

मॅच चाळीस मिनिटांची, पण तिच्यावरची चर्चा रात्री साडेदहापासून दोनपर्यंत चालली. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सेमीफायनलला आपली टीम आठ पॉइंटनी हरली. ४३-५१. होस्टेलमध्ये लगेच दोन पक्ष पडले, एक अटॅकवाल्यांचा आणि दुसरा डिफेन्सवाल्यांचा. तिसरा पक्ष झोपणाऱ्यांचा होता, पण त्यांना आम्ही झोपू दिलं नाही!

अटॅकवाल्यांचं म्हणणं, "४३ पॉइंटमध्ये कधी सेमीफायनल जिंकतात का, यार?" डिफेन्सवाले म्हणत, ४३ पुरले असते, ५१ द्यायलाच नको होते. दोघंही बरोबर, त्यामुळे भांडण मिटेना.

एकाने तर सुचवलं की हाफ-टाइमला आपण २६-२२ ने पुढे होतो, तेव्हा बॉल नुसता फिरवत बसायचा. हा प्रयोग अमेरिकेत १९५० साली झालाय. फोर्ट वेनच्या टीमने बॉल धरून ठेवून मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. पब्लिक एवढं कंटाळलं असणार की विचारू नका. १९५४ मध्ये एनबीएने शॉट क्लॉक आणला. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून साधारण १२० शॉट, भागाकार २४. इतका सरळ हिशोब आमच्या सबमिशनमध्येसुद्धा नसतो.

खरा राग होता तो कॅप्टनवर. हाफ-टाइमनंतर त्याने २-३ झोन लावला. पुढे दोघं, बास्केटजवळ तिघं, आणि माणसाऐवजी जागा सांभाळायची. झोन आत बंद, बाहेर उघडा. समोरच्या गार्डने बाहेरून तीन थ्री-पॉइंटर घातले आणि सगळ्यांना व्हिलन सापडला. पण आपल्या सेंटरचे तेव्हाच चार फाउल झाले होते. पाचवा झाला की तो बाहेर, आणि बेंचवर त्याच्या उंचीचं कोण होतं? मॅन-टू-मॅनमध्ये तो पाच मिनिटंसुद्धा टिकला नसता. मेसमध्ये टेबल बडवणाऱ्यांपैकी कुणीच हे बोललं नाही.

शेवटी मी स्कोअरबुक उघडलं आणि एकाच्या मोबाइलवरचं शूटिंग लावलं. सेकंड हाफमध्ये त्यांचे २९ पॉइंट. थ्री-पॉइंटरचे नऊ. आणि फास्ट ब्रेकवरच्या सहा ले-अपचे बारा! त्या सहाही वेळा झोन लागलेलाच नव्हता. आपण घाईत लांबून शॉट मारला, तो रिंगला लागून लांब उडाला, आपले चौघं अजून त्यांच्याच बास्केटखाली, आणि त्यांचा गार्ड एकटा पळत सुटलेला. हे बारा पॉइंट कुठल्या खात्यात टाकायचे? अटॅकवाले म्हणाले डिफेन्सच्या, डिफेन्सवाले म्हणाले अटॅकच्या. पुन्हा अर्धा तास!

कॅप्टन फायनल इयरचा, म्हणजे ही त्याची शेवटची टुर्नामेंट. तो घोट्यावर बर्फ धरून गप्प बसला होता. शूटिंग संपल्यावर एवढंच म्हणाला, "शॉट कोण मारणार यावर तुम्ही भांडताय. मारल्यावर मागे कोण पळणार, ते ठरवा."

सोमवारपासून पहाटे साडेपाचला प्रॅक्टिस आहे. शॉट सुटला की दोन्ही गार्डनी मागे पळायचं, ही पहिली ड्रिल. अटॅकवाल्यांची कुरकुर आत्ताच सुरू झालीये.